कान कसा तयार होतो

अंबरनाथच्या एमआयडीसीत कितीतरी छोट्या वर्कशॉपमध्ये जुना लेथ आणि नवं सीएनसी मशीन एकाच पत्र्याखाली चालतात. सीएनसीला प्रोग्रॅम दिला की मशीन न थकता जॉबमागून जॉब काढतं. टूल झिजू लागलं तरी साधं मशीन आखून दिलेल्या वाटेनेच जात राहतं. शेजारच्या लेथवरचा मुरलेला टर्नर मात्र कटाचा आवाज जरा कर्कश झाला, पोलादाची चिप नेहमीपेक्षा गडद निळी पडू लागली, की मायक्रोमीटरला हात लावण्याआधीच मशीन थांबवून टूल बघतो. कसं कळलं म्हणून विचारा, त्याला धड सांगता येणार नाही.

सांगता येत नाही, कारण ते ज्ञान सूचनांच्या यादीसारखं कुठे लिहून ठेवलेलं नसतं. संगणकात माहिती एका जागी साठते, तिच्यावरचं काम दुसऱ्या जागी होतं. जॉन फॉन नॉयमन यांच्या 1945 च्या आराखड्यातली ही विभागणी बहुतेक संगणकांत आजही आहे. फाइल हजारदा उघडली म्हणून संगणक हुशार होत नाही. मेंदूत असं वेगळं गोदाम नाही. सुमारे 8600 कोटी चेतापेशींमधल्या जोडण्याच आठवण सांभाळतात आणि कामही करतात. एका पेशीने दुसरीला पुन्हा पुन्हा चेतवलं की त्यांच्यातली जोडणी बळकट होते, असं डोनाल्ड हेब यांनी 1949 साली मांडलं. याचं उदाहरण जवळच सापडतं. त्याच वर्षी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. इथे नव्याने दुकान मांडणाऱ्याला परकी बोली आधी शिकून मग धंदा करण्याची सवड कुठली? गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करताच ती तोंडात बसायची. मेंदूच्या बाबतीत वापरणं आणि शिकणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

यावर कुणी म्हणेल, आता यंत्रंही शिकतात. खरं आहे. मेंदूच्या जोडण्यांवरून सुचलेल्या कृत्रिम जाळ्यांवरील कामासाठीच 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. पण आजच्या बहुतेक भाषायंत्रांना आधी मजकुराचे डोंगर पचवावे लागतात. प्रशिक्षण संपलं की त्यांच्या जोडण्या सहसा गोठवतात आणि मगच त्यांना कामाला लावतात. टर्नरचं प्रशिक्षण असं एके दिवशी संपत नाही, प्रत्येक जॉब त्याला थोडा बदलतो. शिवाय चुकीची किंमत त्याला लगेच मोजावी लागते: टूल तुटतं, जॉब भंगारात जातो, बोटावर बेतू शकतं. अंगावर आलेली चूक सहसा विसरली जात नाही. आणि हे सारं करणारा मेंदू चालतो जेमतेम 20 वॉटवर.

यंत्राची बाजू मात्र एका ठिकाणी भक्कम आहे. प्रोग्रॅमची नक्कल पेनड्राइव्हवर क्षणात निघते. टर्नर निवृत्त झाला की त्याचा कान त्याच्याबरोबर घरी जातो. तो दुसऱ्याला देण्याचा रस्ता एकच, शेजारी उभं राहून शिकण्याचा, आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून सीएनसी घेणाऱ्या मालकांना एवढंच सांगणं आहे: सीएनसी जरूर घ्या, पण लेथ भंगारात काढू नका. बदलापूर-उल्हासनगरहून लोकलने येणाऱ्या आयटीआयच्या पोरांना जुन्या टर्नरच्या हाताखाली उभं करा आणि त्यांनी बिघडवलेल्या जॉबचा खर्च शिकवणीत धरा.