जुनी गाडी आणि वाणीचं तप

॥ जय सद्गुरू ॥



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे गाड्यांची घेवाण-देवाण सुरू होते. आरती झाली, प्रसाद हातात पडला की लगेच, "कोणाची ऑल्टो आहे का जी विकायची?" असं ऐकू येऊन राहिलं. दोन-तीन ताई म्हणाल्या, सत्संगात हा विषय काहून? मला वाटते हा विषय सत्संगाचाच आहे.

पांढुर्णा-सौसरच्या घराला गाडी मिरवायला लागत नाही. मोठा दवाखाना म्हटला की नागपूर, पांढुर्ण्याहून जवळपास शंभर किलोमीटर. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सुनेचं बाळंतपण, संत्र्याच्या बगीच्यात चक्कर, शनिवारी जामसावळीला मारुतीरायाचं दर्शन. एवढ्यासाठी पाच माणसं बसतील आणि गावातला मिस्त्री उघडू शकेल अशी छोटी गाडी पुरते. सात-आठ वर्षं वापरलेली वॅगन-आर किंवा सँट्रो नीट सांभाळलेली असली तर खुशाल घ्यावी. पडोसमध्ये मोठी गाडी आली म्हणून कर्ज काढायचं आणि मग माळ जपतानाही हप्त्याची तारीख मोजायची, असं होऊ देऊ नये. अपरिग्रह म्हणजे काहीच न घेणं नव्हे. गरजेपुरतं घेणं आणि घेतलेलं सांभाळणं, हाही गृहस्थाचा अपरिग्रहच.

पहिली मारुती ८०० आठवते का? १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिराजींच्या हातून तिची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत होती साधारण ४७,५०० रुपये. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये देह ठेवेपर्यंत विकली नाही. कितीतरी नवी मॉडेलं आली नि गेली, २०१४ मध्ये ८०० बनणंही बंद झालं. वस्तूशी असं नातं ठेवणारा माणूस मला साधकच वाटतो, मग तो कोणत्याही पंथाचा असो.

पण प्रत्येकाला गाडी जन्मभर ठेवता येत नाही. विकावी लागते, आणि खरी परीक्षा तिथं असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे: बोलणं दुसऱ्याला त्रास न देणारं असावं, खरं असावं, गोड असावं आणि हिताचंही असावं. हे तप आपण मंदिरात करतो असं समजतो. गिऱ्हाईक अंगणात उभं असताना करून पाहा!

आपल्यातल्याच एका भाऊंची गोष्ट. त्यांनी गाडी विकताना आपण होऊन सांगितलं की एसीचा गॅस टिकत नाही आणि डावा दरवाजा ठोकून रंगवलेला आहे. घेणाऱ्याने आभार तर मानले नाहीतच, उलट त्यावरच बोट ठेवून पंधरा हजार कमी केले. पोराच्या फीसाठी ते पैसे हवे होते. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचा राग मला पटतो. दोष सांगणं हा धर्म आहे, पण त्यानंतर भाव पाडून देणं हा काही धर्म नाही. दोष आधीच धरून किंमत लावावी आणि मग तिच्यावर ठाम राहावं.

घेणाराही खोटं बोलतो, हे आपण विसरतो. चांगल्या इंजिनचा आवाज ऐकून "हे काही ठीक नाही बाप्पा" म्हणत भाव पाडणं म्हणजे असत्यच. त्यापेक्षा खरोखर तपासा. सकाळी, इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला सांगा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मीटर तीस हजार सांगत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर मीटर मागे फिरवलं असू शकते. आरसीची १५ वर्षं कधी भरतात तेही बघा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. आपण एकाच गुरूंचे, म्हणून कागद मागायला लाजतो. "अहो, गुरुबंधूच आहेत, करतील नाव नंतर." गाडी गेली, पैसे आले, आणि आरसीवर नाव जुनंच. उद्या त्या गाडीखाली कोणी आलं तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की गाडी विकलेली असली तरी ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्यापुढे मालक, भरपाई त्याच्याकडून. ज्याने गाडी चालवली नाही त्याचं घर यात बुडू शकते. माऊलींचं नाव हे फॉर्मच्या जागी ठेवायचं नाव नाही. कागद मागणं म्हणजे अविश्वास नाही. गुरुबंधूला पुढच्या संकटातून सोडवणं आहे.

विकणाऱ्याने फॉर्म २९ द्यावा, फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या. एकाच राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्याकडे पुष्कळ गाड्या नागपूरहून येतात, एमएच नंबरच्या. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागते आणि इकडचा रोड टॅक्सही भरावा लागतो. स्वस्त पडली म्हणताना हा खर्च धरा. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. विमाही आपल्या नावे करून घ्या, १४ दिवसांच्या आत.

ज्यांनी गाडी विकली पण नाव अजून बदललं नाही, त्यांनी गुरुवारी सत्संगाला येताना आरसीची झेरॉक्स आणा. फॉर्म भरायला आपले दोन सेवेकरी दादा पाच वाजेपासून बसतील. संकोच करू नका, आणि समोरच्या गुरुबंधूलाही सोबत घेऊन या.

श्रीगुरुचरणी सेवा,
एक सेविका, पांढुर्णा