गादीची शुद्धी: ऊन, हात आणि यंत्र

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्याकडील अनेक घरांत कानबाई ही देवी बसते. तिच्या आगमनाआधी घर रंगवून, भांडी घासून आणि अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याचा खानदेशात रिवाज आहे. मात्र ज्या महिन्यात ही धुणी निघतात, त्याच महिन्यात उन्हाचा भरवसा नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या प्रदेशात गच्चीवर टाकलेली गोधडी दुपारपर्यंत खडखडीत वाळते, पण श्रावणसरींत तीच गोधडी दोरीवर दमट राहते आणि तिला कुबट वास धरतो. म्हणून जेथे गरम हवेने कपडे वाळवणारे यंत्र घरात आले आहे, तेथे असा प्रश्न उभा राहू शकतो की, ऊन न लागता वाळलेले अंथरूण देवकार्याच्या घरात शुद्ध मानावे काय.

धर्मशास्त्रात वस्तूंची अशुद्धी कशाने जाते, या विचाराला द्रव्यशुद्धी म्हणतात. द्रव्य म्हणजे येथे पैसा नव्हे, तर वापरातली कोणतीही वस्तू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात हे प्रकरण येते. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने त्या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि तिच्यात स्मृतिकार देवलाचे एक वचन उद्धृत केले, ज्याचा विषय चक्क कापसाची गादी, उशी आणि फुलांच्या रंगात रंगवलेले वस्त्र हा आहे. या वस्तू थोड्या उन्हात वाळवाव्यात, हातांनी पुन्हापुन्हा चोळून साफ कराव्यात आणि मग पाणी शिंपडून कामी आणाव्यात. फारच मळल्या असतील तर मात्र त्याही रीतसर धुवाव्यात, असा त्याचा आशय. त्यावर विज्ञानेश्वर जो खुलासा करतो तो मोठा मार्मिक आहे: हळदीने रंगवलेल्या वस्त्रालाही ही सवलत मिळते, कारण त्याला धुणे सोसत नाही, परंतु मंजिष्ठेने रंगवलेल्या वस्त्राला ती मिळत नाही, कारण ते धुणे सोसते. धर्मशास्त्रकार येथे रंगाऱ्याच्या नजरेने पाहतो आहे. भिजलेल्या गादीतल्या कापसाचे गोळे होतात, आतला भाग ओला राहतो आणि पुन्हा पिंजल्यावाचून गत्यंतर नसते, हे खानदेशासारख्या कापूसपट्ट्यात कोणत्याही पिंजाऱ्याला ठाऊक असलेले वास्तव त्या नियमाच्या मुळाशी आहे.

हाच समजूतदारपणा शास्त्रकारांनी माणसांच्या बाबतीत दाखवला नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. परटाने धुतलेले कपडे अंगावर चालत, पण सोवळ्याला चालत नसत. वस्तूला काय सोसते हे पाहणाऱ्या परंपरेने माणसाला काय सोसावे लागते ते पाहिले नाही, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच हिशेबापोटी. देवलाच्या वचनातून आज काही घ्यायचे असेल, तर ते वस्तूंपुरतेच घ्यावे.

आता उन्हाचा मुद्दा. वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या मीमांसेत कृतींचे दोन प्रकार मानले जातात: जिचे फळ डोळ्यांना दिसते ती दृष्टार्थ, आणि जिचे फळ केवळ वचनावरून मानावे लागते ती अदृष्टार्थ. दिसणारे फळ मिळत असताना न दिसणारे कल्पू नये, हा तिचा दंडक. गादी उन्हात टाकल्याने ओल जाते आणि चोळल्याने धूळ निघते, म्हणून या दोन्ही कृती दृष्टार्थ ठरतात. वाळलेल्या गादीवर चार थेंब शिंपडल्याने मात्र दिसण्यासारखे काहीच साधत नाही, तेव्हा अदृष्टाचा भाग त्या प्रोक्षणाकडे जातो. यावर जाणकार मीमांसक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. यज्ञासाठी भाताचा कोंडा नखांनीही काढता येतो, तरी तो कांडूनच काढावा असे वचन आहे. तेथे कोंडा निघणे हे दृष्ट फळ असले तरी कांडण्याच्या नियमाचे वेगळे अदृष्ट मानले जाते, मग उन्हाच्या बाबतीत तसे का मानू नये? उत्तर असे देता येते की, कांडण्याचा नियम यज्ञाच्या अंगाचा असून इतर मार्ग वगळण्यासाठी आलेला आहे, तर देवलाचे वचन रोजच्या वापरातल्या वस्तूविषयी आहे आणि दुसऱ्या कोणत्या उष्णतेशी तुलना करून त्याने ऊन निवडलेले नाही. त्याच्यासमोर ऊन होते, म्हणून त्याने ऊन सांगितले. तेव्हा यंत्र उन्हाची जागा घेऊ शकते, हे मान्य करण्यास शास्त्राची आडकाठी दिसत नाही.

हाताची जागा मात्र ते घेत नाही. आपल्याकडे वॉशिंग मशीनच्या पिळणाऱ्या टबालाही ड्रायरच म्हणतात, पण तो केवळ फिरवून पाणी काढतो. येथे अभिप्रेत यंत्र फिरत्या पिंपातून गरम हवा सोडते. ती हवा खेळण्यासाठी पिंपात मोकळी जागा लागते, म्हणून रजई घातल्यावर पिंप गच्च भरता कामा नये, आणि मध्येच यंत्र थांबवून रजई झटकून उलटवावी लागते. वरून कोरडी लागणारी रजई शिवणींपाशी आणि मधोमध बोटांनी दाबून पाहिल्याखेरीज वाळली असे म्हणता येत नाही. कापसाची जाड गादी यात घालूच नये. फोम किंवा रबराच्या उशाही नकोत, कारण त्या तापून पेट घेऊ शकतात. कपड्यांतून निघणारी बारीक तूस जाळीत साठते, हवेची वाट अडवते आणि स्वतः सहज पेटते, म्हणून ती प्रत्येक वेळी काढावी लागते.

सर्वांत फसवी गोष्ट तेलाची. डोक्याला तेल चोपडून झोपणाऱ्या घरात उशीचे अभ्रे आणि बाळाची दुपटी तेलकट होतात. वनस्पती तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. नीट न धुतलेले असे कपडे गरम असतानाच घडी करून रचले, तर ती उष्णता आत कोंडून ढीग धुमसू लागतो. म्हणून यंत्राचा शेवटचा थंड हवेचा टप्पा अर्ध्यावर तोडू नये, कपडे बाहेर काढल्यावर पसरून निवू द्यावेत, आणि तेल मुरलेले अंथरूण चांगले धुतल्याशिवाय यंत्रात जाऊ नये, म्हणजे अतिमलिनाला देवलाने जे सांगितले तेच येथेही लागू होते. प्रोक्षण त्यानंतरचे, ते ज्याला करायचे त्याने करावे.