दृष्टीचा संकोच आणि स्मृतीची साक्ष

दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर पाहणाऱ्या मनुष्यास डावीकडून उजवीकडे सुमारें 200 अंशांचा प्रदेश एका वेळीं दिसतो. त्यापैकीं अत्यंत स्पष्ट असा भाग जेमतेम दोनएक अंशांचा. बाकी सारें धूसर. या धूसर प्रदेशाचें मोल काय, हें आभासी सृष्टीच्या यंत्रांनीं तो हिरावून घेतला तेव्हां विशेष कळूं लागलें.

आयव्हन सदरलंड यांनीं 1968 सालीं डोक्यावर चढविण्याचें जें यंत्र तयार केलें त्यांतून सुमारें 40 अंशच दिसत. आजच्या पुष्कळ यंत्रांतून शंभराच्या आसपास दिसतात. अल्फानो व मिशेल या संशोधकांनीं 1990 सालीं माणसांना 9, 14, 22 व 60 अंशांपुरतीच दृष्टि ठेवणारे चष्मे लावून खोलींत वावरावयास लावलें. दृष्टि जों जों आकुंचित, तों तों चालणें अडखळतें आणि खोलीचें मनांत उमटणारें चित्रही विसकटतें, असें त्यांस आढळलें. कारण उघड आहे. मेज पाहतांना दाराचें भान डोळ्याच्या कोपऱ्यांतून फुकट मिळत होतें. तें नाहींसें झालें म्हणजे मान वळवावी लागते, आणि दार पाहीपर्यंत मेज कोठें होतें हें मनानें धरून ठेवावें लागतें. डोळ्याचा भार स्मृतीवर पडतो, व तो वाहण्यांतच ती थकून जाते.

तर मग खिडकी रुंद करावी हेंच बरें, असें वाटेल. परंतु 2002 सालच्या एका प्रयोगांत 60 पासून 180 अंशांपर्यंत दृश्य वाढवीत नेलें, तेव्हां ‘आपण तेथेंच आहों’ ही प्रतीति वाढली, तशी मळमळही वाढली. म्हणून कोलंबिया विद्यापीठांतील फर्नांडिस व फायनर यांनीं 2016 सालीं निराळीच युक्ति योजिली : पाहणारा आभासी सृष्टींत चालूं लागला कीं दृश्याच्या कडा हळूच काळवंडाव्या, आणि तो थांबला कीं पुन्हां उघडाव्या. त्रास कमी झाला; आणि पुष्कळांस आपली दृष्टि आंखडली होती याचा पत्ताही लागला नाहीं.

येथें मला तेलाच्या घाण्याचा बैल आठवतो. त्याच्या डोळ्यांवर झांपड बांधतात ती त्याला भोंवळ येऊं नये म्हणून, असें तेली सांगतो, आणि तें खोटें नाहीं. पण झांपड सोयीची आहे एवढ्यानें ती न सांगतां बांधण्याचा अधिकार सिद्ध होतो काय? बैलाला विचारण्याची सोय नाहीं, मनुष्यास आहे. नाटकगृहांतली चौकटही दृश्य मर्यादितच करते, परंतु ती आपणांस दिसत असते.

‘ज्यास कळलेंच नाहीं त्याचें काय गेलें?’ हा युक्तिवाद चतुर आहे, पण लंगडा आहे. इंट्रॉब व रिचर्डसन यांनीं 1989 सालीं दाखविलें कीं, छायाचित्र आठवतांना माणसें त्याच्या कडेपलीकडचाही भाग पाहिल्याचें सांगतात. स्मृति उणें भरून काढते व भरल्याची नोंद ठेवीत नाहीं. तेव्हां कमी दिसल्याची साक्ष तिच्याकडे मागणें व्यर्थ. खेळापुरतें हें क्षम्य म्हणतां येईल. पण अशाच यंत्रांतून वैमानिक व शस्त्रवैद्यही शिक्षण घेतात, आणि तेथें आठवणीच्या भरंवशावर दुसऱ्याचा प्राण असतो.

शिवाय कोलंबियाच्या प्रयोगांत ज्यांच्या ध्यानांत तो संकोच आला, त्यांनींही तो पुढें असावा असेंच म्हटलें. मग नित्याच्या वापरांत तो लपवावयाचा कशासाठीं? यंत्र चढविण्यापूर्वीं एका वाक्यांत सांगावें, आणि तो बंद करण्याची कळ ज्याच्या डोळ्यांवर तें चढतें त्याच्या हातीं असावी.