निवाडा आणि पाप

हेदवीच्या दशभुज गणेशाच्या हातांत चक्र, त्रिशूळ, गदा आहेत, तशी धान्याची लोंबीही आहे. दंड आणि पोषण एकत्र नांदवणे देवाला साधते, मुन्सफाला मात्र दोन पक्षकारांतून एकालाच हुकूमनामा द्यावा लागतो. १८७१ साली पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झालेले, पुढे बदलीने नाशिक-धुळे पाहून १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयात पोहोचलेले न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे उपासक होते. सर्वज्ञ ईश्वराची प्रार्थना करून केवळ मिसलीतले जाणणाऱ्या खुर्चीवर बसणे, हे द्वैत त्यांनाही जाणवले असेल. पुराव्याअभावी खरा दावा फेटाळला गेला, तर पाप कोणाचे? कायद्याचे, असे म्हणणे सोयीचे खरे, पण मला ते पटत नाही. कारण अपिलात बहुधा कागदच बोलतात, आणि साक्षीदाराचा अडखळलेला शब्द तेवढा खालच्या न्यायाधीशानेच ऐकलेला असतो.