तिचा शब्द आणि त्याचा ठावठिकाणा

मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग नरडाण्याला एकमेकांजवळ येतात. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत, उत्तरेला सावळद्याजवळ तापी ओलांडली की शिरपूर, दक्षिणेला धुळे. इथला माणूस सकाळी शेतात, दुपारी कारखान्यात, संध्याकाळी धुळ्याच्या बाजारात आणि दुसऱ्या दिवशी सुरतेच्या लूमवर असू शकतो. अशा मुलखातला बलात्काराचा आरोपी जेव्हा 'मी त्या वेळी गावात नव्हतोच' म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे ऐकताक्षणी खोटे ठरवता येत नाही, आणि ऐकताक्षणी मानताही येत नाही.

बलात्काराच्या खटल्यांवरची आपली चर्चा दोन टोकांना अडकून पडली आहे. एक बाजू म्हणते, बाईच्या शब्दावर विश्वास ठेवा. दुसरी म्हणते, खोट्या केसेस फार झाल्या. आरोपी 'तिची संमती होती' म्हणत असेल, तर या वादाला निदान काही विषय असतो. 'मी नव्हतोच' म्हणणाऱ्याच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. ती ओरडली की नाही, तिच्या अंगावर ओरखडे होते की नाही, यातल्या कशानेही एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही: त्या घटकेला हा माणूस कुठे होता? माझे म्हणणे असे आहे की, हे उत्तर न्यायाधीशाच्या मनाच्या कौलावर सोडण्याजोगे नाही. ते तपासाच्या पहिल्या आठवड्यात शोधायचे असते. आपल्याकडे ते काम कोणावरही स्पष्ट शब्दांत सोपवलेले नाही.

कायद्यातल्या सुधारणांची दिशाच वेगळी राहिली. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून तो खटला देशाला माहीत आहे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे 1983 ची दुरुस्ती झाली: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्री 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. दुरुस्ती मोलाचीच होती. पण या तरतुदीचा सगळा रोख संमतीवर आहे. आरोपी जागेवरच नव्हता असा बचाव आला की हे गृहीतक उपयोगाचे राहत नाही.

तिच्या साक्षीचे मोल ठरवणारा मोठा निकालही महाराष्ट्रातूनच आला. 1981 मध्ये नागपुरात एका नवविवाहितेने पोलीस उपनिरीक्षकाविरुद्ध फिर्याद दिली. सत्र न्यायालयाने त्याला दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले, आणि 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. न्या. अहमदी यांनी स्पष्ट केले की, अत्याचार झालेली स्त्री गुन्ह्यातली साथीदार नाही, तेव्हा साथीदाराच्या साक्षीला लावतो तो संशय तिला लावायचा नाही. तिची साक्ष विश्वासार्ह वाटली तर दुसऱ्या पुराव्याची अट घालता येत नाही. 1996 च्या गुरमीत सिंग निकालाने हेच सूत्र आणखी पक्के केले. 2012 मध्ये राय संदीप खटल्यात न्यायालयाने एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष कशी असावी तेही सांगितले: पहिल्या जबाबापासून शेवटच्या उलटतपासणीपर्यंत सुसंगत, आणि बाकीच्या पुराव्याशी जुळणारी.

अन्यत्र असल्याच्या बचावाचा नियम त्याहून जुना आहे. 1872 च्या पुरावा कायद्यातले उदाहरण कलकत्ता आणि लाहोरचे होते: गुन्हा कलकत्त्यात झाला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता, ही गोष्ट खटल्यात प्रस्तुत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात चेन्नई आणि लडाख आले. ही उदाहरणे मोठ्या अंतराची आहेत, म्हणून सोपी आहेत. 'मी नऊ वाजेपर्यंत धुळ्यात होतो' म्हणणारा महामार्गावरून दहाच्या आत नरडाण्याला पोहोचतो. त्याचे धुळ्यातले साक्षीदार शंभर टक्के खरे बोलत असले तरी त्याचा बचाव उभा राहत नाही. 'मी सुरतेत रात्रपाळीला होतो' हे मात्र वेगळे. ते खरे असेल तर हा माणूस निर्दोष आहे, आणि मस्टर, मोबाइलचा टॉवर, फाटकावरचा कॅमेरा यांतून ते तपासताही येते.

यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने 1981 मध्ये दूधनाथ पांडे खटल्यात नेमकी हीच चाळणी लावली. खुनाचा आरोपी नैनीच्या टेलिफोन कारखान्यात कामावर होतो असे सांगत होता. न्यायालयाने विचार केला तो अंतराचा: तो कारखान्यातून निघून अलाहाबादेत गुन्हा करू शकत होता का? करू शकत होता, म्हणून बचाव फेटाळला गेला, फाशी मात्र जन्मठेपेवर आली. त्याच निकालात चंद्रचूड यांनी सांगितले की, बचावाचे साक्षीदार सरकारी साक्षीदारांइतक्याच सन्मानाचे धनी आहेत. तिचा भाऊ तिच्या बाजूने बोलला तर साक्ष आणि त्याचा भाऊ त्याच्या बाजूने बोलला तर बनाव, असे न्यायालयाला करता येत नाही. हे वाक्य स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्यांनाही पटायला हवे; मला ते पटते.

बलात्काराच्या खटल्यात तिचा शब्द आणि अन्यत्र असल्याचा बचाव समोरासमोर आल्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे 2021 चा फूलसिंग विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल. रात्री भिंत ओलांडून आलेल्या ओळखीच्या माणसाने अत्याचार केला, असे त्या विवाहितेचे म्हणणे. सासरच्यांनी तिची बाजू घेतली नाही, उलट तिलाच मारहाण केली. माहेरचा आधार मिळेपर्यंत तीन दिवस गेले. अंगावर जखमा नव्हत्या. आरोपीने अन्यत्र असल्याचा बचाव घेतला. तिन्ही न्यायालयांनी तो नाकारला आणि तिच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा कायम राहिली. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण माणूस ओळखीचा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदीनुसार दरवर्षी दहातल्या नऊपेक्षा जास्त प्रकरणांत आरोपी फिर्यादीच्या ओळखीचाच असतो. तिथे 'ती खरे बोलते का' आणि 'तिने ओळखले ते बरोबर का' हे दोन प्रश्न एकच होतात.

अनोळखी माणसाच्या बाबतीत ते दोन राहतात, आणि तिथे प्रामाणिक साक्षही चुकू शकते. 1984 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात एका विद्यार्थिनीने आपल्यावर अत्याचार करणारा म्हणून रोनाल्ड कॉटन याला ओळखले. ती मनापासून बोलत होती. कॉटनने पोलिसांना आपला ठावठिकाणा सांगितला, पण आठवडे उलटसुलट झाल्याने तो चुकीचा निघाला आणि तेच त्याच्यावर शेकले. दहा वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर 1995 मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. म्हणून बचाव पडला की गुन्हा सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे: बचाव खोटा निघाला म्हणून सरकार पक्षाच्या पुराव्यातली भोके बुजत नाहीत.

आता खानदेशातली अडचण बघा. अहिराणी बोलणारी बाई ठाण्यात सांगते की, दिवेलागण झाली होती, जेवणखाण अजून व्हायचे होते. ठाणे अंमलदार लिहितो, 'सायंकाळी 7.30 वाजताचे सुमारास'. तो आकडा तिचा नसतो. दोन-तीन वर्षांनी धुळ्याच्या सत्र न्यायालयात उलटतपासणी होते ती या आकड्याची. आरोपीचा कारखान्यातला हजेरीपट आठला सुटल्याचे दाखवतो, आणि साक्ष विसंगत ठरते. मे महिन्यात आणि डिसेंबरात दिवेलागणीत तासाभराहून अधिक फरक असतो, हे साक्षीच्या कागदावर कुठेच येत नाही. फिर्याद तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत उतरवली आणि घड्याळाची वेळ तपास अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे काढली, तर अशा खटल्यांतला निम्मा गोंधळ मुळातच होणार नाही.

फिर्याद द्यायला होणाऱ्या उशिराचेही तसेच. 1994 मध्ये जळगावचे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीला आले. बदनामीच्या धाकाने गप्प बसवलेल्या अनेक मुली होत्या असे तेव्हा बोलले गेले, पण फिर्याद द्यायला पुढे आल्या त्या मोजक्याच, आणि पुढे बहुतेक खटले टिकले नाहीत. तारीख धूसर झाली की कोण कुठे होता हे ना तिला दाखवता येते ना त्याला. त्या मुलींच्या गप्प राहण्याला मी दोष देणार नाही. दोष त्यांना गप्प बसवणाऱ्यांचा.

याउलट 2012 च्या दिल्ली प्रकरणात दोन आरोपी म्हणाले, आम्ही उद्यानातल्या गाण्याच्या कार्यक्रमात होतो. तिसरा म्हणाला, मी आदल्या दिवशीच महाबोधी एक्सप्रेसने बिहारला गेलो. डीएनए आणि दातांच्या खुणांचा धारवाडच्या तज्ज्ञाने दिलेला अहवाल यांपुढे हे बचाव टिकले नाहीत. कारण पुरावा वेळेत गोळा झाला होता. देशाचे लक्ष नसलेल्या खटल्यांत तसे होत नाही. आरोपीचा ठावठिकाणा पहिल्यांदा ऐकू येतो तो बहुधा साक्षी संपल्यावर, न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात तेव्हा. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी ठेवण्याची सक्ती किमान दोन वर्षांची आहे. दुकानाबाहेरचा कॅमेरा त्याच्या कितीतरी आधी जुने चित्रण पुसून टाकतो. मग न्यायाधीशाच्या हातात तिचा शब्द आणि त्याच्या मामाचा शब्द एवढेच उरते.

इंग्लंडमध्ये आरोपीने हा बचाव खटल्याआधी कळवावा असा नियम 1967 पासून आहे. आपल्याकडे आरोपीला बोलण्याची सक्ती करता येणार नाही, राज्यघटनेचे विसावे कलम ती होऊ देत नाही, आणि तसेच असावे. पण 'त्या वेळी तू कुठे होतास, तुला दाखवायचे असेल तर आम्ही आजच तपासतो' असे वकिलाच्या समक्ष विचारायला काय हरकत आहे? उत्तर मिळाले तर ते तपासून निष्कर्ष दोषारोपपत्रासोबत जोडायचा, तो कोणाच्याही बाजूने गेला तरी. निर्दोष माणूस यातून महिनाभरात सुटेल; खोटे बोलणाऱ्याला साक्षीदार पढवायला दोन वर्षे मिळणार नाहीत; आणि तिला भरल्या कोर्टात साडेसात की आठ यावरून खोटे ठरवले जाणार नाही. अटकेच्या दिवशी विचारायचा एक प्रश्न आणि सात दिवसांत त्याची पडताळणी, एवढे परिपत्रक राज्याचे गृहखाते कायदा न बदलता काढू शकते. ते त्याने काढावे.