वाळवंट काही राखत नाही

सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हापासून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आहे. जुनी विमाने जपण्याचा विषय निघाला की कुणीतरी अमेरिकेतल्या टूसॉनचे नाव काढतो, तिथल्या संग्रहालयात रांगांनी उभ्या असलेल्या चारशेच्या आसपास विमानांचे वर्णन करतो आणि शेवटी म्हणतो, ‘त्यांच्याकडे वाळवंट आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा. आपल्याला हे कसे जमणार?’ ऐकणारे मान डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. हे मिटणे मला मान्य नाही. हा युक्तिवाद शास्त्रीय वाटतो, निम्मा खराही आहे. पण टूसॉनच्या त्याच संग्रहालयाचा, पिमा एअर अँड स्पेस म्युझियमचा, इतिहास त्याच्या बरोबर उलट साक्ष देतो.

आणखी दोन आक्षेप घेतले जातात, पण त्यांच्यापाशी फार थांबण्याची गरज नाही. युद्धयंत्रे जपणे म्हणजे युद्धाचा गौरव, असे मानणाऱ्याने याच संस्थेने टूसॉनच्या दक्षिणेला जपलेल्या टायटन क्षेपणास्त्राच्या भूमिगत तळात एकदा उतरून पाहावे. आणि त्रिमितीय स्कॅन पुरेसा आहे असे म्हणणाऱ्याने स्कॅन करायला तरी वस्तू शिल्लक असावी लागते एवढे ध्यानात घ्यावे. खरा प्रश्न हवेचा आहे, कारण हवेचे कारण पुढे केले की माणसांची जबाबदारी संपते.

त्या कारणातला खरा भाग आधी मान्य करतो. टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथली जमीन कॅलिची नावाच्या चुनखडी थराने इतकी घट्ट झालेली आहे की अवजड बॉम्बफेकी विमान फरसबंदी न करता सरळ मातीवर उभे करता येते. दुसरे महायुद्ध संपल्यावर डेव्हिस-मॉन्थन या हवाई तळाची निवड जादा विमाने साठवण्यासाठी झाली ती या दोन कारणांमुळेच. 1946 मध्ये तिथे शेकडो बी-29 आणि सी-47 येऊन उभी राहिली. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ही काही काळ तिथेच होते. कोरड्या हवेत ॲल्युमिनियमला गंज चढायला फार वेळ लागतो, याबद्दल कुणाचेच दुमत नाही.

पण याच कोरड्या हवेत दुसरेही काही घडत होते. टूसॉन ज्या ॲरिझोना राज्यात आहे त्याच्याच वायव्य भागात, किंगमन इथे, युद्धानंतर साडेपाच हजारांच्या आसपास विमाने आणली गेली. हवा तशीच कोरडी, आकाश तसेच निरभ्र. दोनेक वर्षांत त्यांतली जवळजवळ सगळी कापून, भट्टीत घालून ॲल्युमिनियमच्या विटा केल्या गेल्या. काही विमाने तर कारखान्यातून थेट तिथे पोचली होती, एकही मोहीम न पाहिलेली. वाळवंट राखते हे खरे असते तर किंगमन आज जगातले सर्वांत मोठे विमान संग्रहालय असते. विमानांना मारण्याचे काम या वाळवंटाइतके जगात क्वचितच कुठे झाले असेल.

आणि किंगमनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पिमा संग्रहालयाचे मैदान आणि डेव्हिस-मॉन्थनचे साठवण क्षेत्र एकमेकांना लागून आहेत. माती तीच, ऊन तेच. कुंपणाच्या त्या बाजूला, शस्त्रकपातीच्या स्टार्ट कराराची पूर्तता म्हणून, 1990 च्या दशकात 365 बी-52 विमाने तोडली गेली. 13,000 पौंड वजनाचे पोलादी पाते क्रेनने उंच नेऊन त्यांच्यावर सोडत आणि तुकडे तसेच उघड्यावर ठेवत, म्हणजे रशियन उपग्रहांना ते वरून मोजता यावेत. कुंपणाच्या या बाजूला मात्र बी-52 उभी आहेत. त्यांत एक्स-15 या रॉकेट विमानाला पंखाखाली धरून आकाशात नेणारे विमानही आहे. दोन्ही बाजूंना हवा एकच असताना एकीकडे विमान उरले आणि दुसरीकडे उरले नाही, त्याला हवा कारण असूच शकत नाही. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा मांडतो याची मला जाणीव आहे. पण तो इतका उघड असूनही आपल्या चर्चेत येत नाही, म्हणून मांडावाच लागतो.

संग्रहालय जन्माला कसे आले तेही पाहा. 1966 च्या सुमारास तळावरच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की महायुद्धातल्या आणि 1950 च्या दशकातल्या विमानांचे एकेक प्रकार भट्टीत जाऊन पूर्ण नाहीसे होत आहेत. वीस वर्षे हवा चांगलीच होती, तरी प्रकार नाहीसे होत होते. मग त्यांनी काही नमुने बाजूला काढून तळाच्या कुंपणालगत, लोकांना बाहेरून दिसतील असे उभे केले. पुढे शहरातल्या नागरिकांनी प्रतिष्ठान स्थापन केले आणि मे 1976 मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा मांडलेली विमाने पन्नासही नव्हती. हे आजही मोठ्या बिगरसरकारी विमान संग्रहालयांपैकी एक आहे. त्या कुंपणालगतच्या पहिल्या रांगेत मला सर्वांत जास्त रस वाटतो. तिला ना छप्पर होते, ना निधी, ना माहितीफलक. ‘हे तोडायचे नाही’ एवढाच निर्णय तिच्यामागे होता.

वाळवंटाच्या मायेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी त्याचे ऊनही मोजावे. टूसॉनच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर सहज जातो. अतिनील किरणांनी रंग खडूसारखा उडतो, टायर चिरतात, रबरी सील कडक होतात, कॉकपिटवरची पारदर्शक झाकणे दुधी होतात. साठवण क्षेत्रात ज्या विमानांची पुन्हा गरज लागू शकते, त्यांच्या खिडक्या आणि फटी पांढऱ्या लेपाने बंद कराव्या लागतात, इंधनटाक्यांतून तेल फिरवावे लागते, आणि हे सगळे काही वर्षांनी पुन्हा करावे लागते. उन्हात घातलेले वाळवण कुणीतरी वेळेवर आत घ्यावे लागते, नाहीतर तेच ऊन त्याची माती करते. पिमामध्ये मौल्यवान आणि नाजूक विमाने छपराखाली हलवण्यासाठी एकामागून एक हँगर उभारावे लागले, ते याच कारणाने.

आता या वादातला, माझ्या मते, सर्वांत वजनदार पुरावा, आणि तो आपल्या घरचा आहे. पिमाच्या संग्रहात बी-24 लिबरेटर हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान आहे. अमेरिकेने युद्धात 18,000 हून अधिक लिबरेटर बांधली. दुसरे कोणतेही अमेरिकन लष्करी विमान एवढ्या संख्येने बांधले गेले नाही. युद्धानंतर अमेरिकेच्या कोरड्या मैदानांत ती इतक्या निष्ठेने वितळवली गेली की संग्रहालयाला हवे झाले तेव्हा ते भारतातून आणावे लागले. ब्रिटिश हवाई दलाने जाताना कानपूरला आपली लिबरेटर मोडतोड करून टाकून दिली होती, कारण लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धकालीन मदत योजनेच्या अटींनुसार ती परत तरी करायची होती किंवा निकामी तरी. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी त्या ढिगाऱ्यातून, एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावत, 1948 पासून चाळीसच्या आसपास विमाने उभी केली. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. त्यानंतर हवाई दलाने ती जवळजवळ वीस वर्षे वापरली. सागरी टेहळणी करणाऱ्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याच्या लोहगावहून अरबी समुद्रावर जात. 1968 मध्ये ती निवृत्त झाली आणि 1969 मध्ये त्यांतले एक स्वतःच्या पंखांवर टूसॉनला पोचले. आणखी एक कॅनडाने लायसँडर विमानाच्या बदल्यात नेले. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाचे लिबरेटरही भारतातलेच. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. जगात आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरपैकी बरीचशी भारतीय हवाई दलाची आहेत.

म्हणजे ॲरिझोनाच्या कोरड्या हवेने लिबरेटर वाचवले नाही. कानपूरच्या पावसात सडत पडलेले आणि पुण्याच्या पावसाळ्यांतून उडालेले लिबरेटर ॲरिझोनात गेले. यावर उत्तर ठरलेले असते: ती विमाने वापरात होती, रोज त्यांची निगा होत होती, म्हणून टिकली, संग्रहालयातल्या मृत विमानाला हे लागू होत नाही. उत्तर चुकीचे नाही. पण त्याने सिद्ध काय होते? निगा असेल तर दमट हवेतही विमान टिकते, हेच. हवेचा मुद्दा तिथेच संपला. उरला तो निगेचा, आणि निगा माणसेच घेतात किंवा घेत नाहीत.

मला भेद करायचा आहे तो मुदत आणि निर्णय यांच्यात. वस्तू कामातून गेली त्या दिवशी तिचा शेवट होत नाही. कामातून जाणे आणि मोडीत निघणे यांच्यामध्ये एक मोकळा काळ असतो. त्यात ती कुणाच्याच उपयोगाची नसते, पण असते. हवामान फक्त या काळाची लांबी ठरवते. टूसॉनमध्ये ही मुदत वीस-तीस वर्षांची असू शकते, मुंबईत चार-पाच वर्षांची. ती संपण्याआधी कुणीतरी ‘हे राहील’ असे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम कुठलीच हवा करत नाही. 1946 ते 1966 या वीस वर्षांत अमेरिकेने मुदत जवळजवळ वाया घालवली, अखेरच्या टप्प्यात काहींनी ती ओळखली, इतकेच. त्यामुळे आपली हवा वाईट आहे हे काहीच न करण्याचे कारण ठरत नाही. ते लवकर ठरवण्याचे कारण ठरते. दमट हवेच्या नावाने हात झटकणारे आपल्याच युक्तिवादाचा अर्थ उलटा लावतात.

विक्रांतचे उदाहरण इथे टाळता येत नाही, आणि ते माझ्याविरुद्ध वापरले जाते हेही ठाऊक आहे. 1997 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मग ती धोकादायक ठरली, 2014 मध्ये लिलावात गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली गेली. ‘पाहा, खारी हवा!’ हवेने पोलाद खाल्ले, मान्य. पण सतरा वर्षे ती पाण्यात का ठेवली गेली? तिला किनाऱ्यावर कायमची जागा द्यायची की नाही, हे त्या सतरा वर्षांत पक्के का झाले नाही? गंज हा निर्णय न घेतल्याचा परिणाम होता. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमान संग्रहालय समुद्राच्या वाऱ्यात 1998 पासून उभे आहे. एकेकाळी एअर इंडियाचे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन तिथे आहे. उघड्यावरच्या विमानांचे हाल तिथेही होतात, पण ती आहेत, कारण ती राहतील असे कुणीतरी वेळेवर म्हटले.

आता मिग-21. त्याचे पुष्कळसे नमुने चौकात, महाविद्यालयांच्या आवारात, चौथऱ्यांवर चढतील. मला त्याचा राग नाही, पण त्याला जतन म्हणू नये. चौथऱ्यावरचे विमान हा त्या चौकाविषयीचा निर्णय असतो, विमानाविषयीचा नव्हे. मिग-21 ची भारतीय कहाणी नाशिकजवळच्या ओझरला घडली. एफएल, एम, बिस असे तीन प्रकार तिथे बांधले गेले, पुढे बिसचे बायसन झाले. कामगारांच्या दोन पिढ्यांचे हात त्या धातूत आहेत, आणि दोन पिढ्यांच्या वैमानिकांपैकी अनेकांचे प्राणही. तेव्हा ओझरला आधी हँगर बांधायचा की फलक लावायचा, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रत्येक प्रकाराचे एक विमान, त्याच्या शेपटीवरच्या क्रमांकासह, तोडण्याच्या यादीतून काढून राखण्याच्या यादीत घालावे लागेल. त्याच्या नोंदवह्या, जुळणीचे साचे आणि ज्यांनी ते जुळवले त्यांच्या आठवणी त्याच यादीत जोडाव्या लागतील. तीन-चार विमाने, एक कागद, सही आणि तारीख. लिलावाच्या निविदा निघण्याआधीची तारीख.