‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपले ‘लागणे’

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या एका क्रियापदाच्या नोंदीवर नऊ महिन्यांहून अधिक काळ काम केले. ते हातावेगळे झाले तेव्हा त्या एवढ्याशा क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले होते. कोशाच्या आधीच्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. १९८९ साली निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि तिच्यात ४३० हून अधिक अर्थ होते. छोट्या कादंबरीला पुरेल एवढा हा मजकूर एका शब्दासाठी खर्ची पडला होता.

हा तपशील आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडतो आणि तिथेच राहतो. त्यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो: इंग्रजी किती समृद्ध, तिच्या एका शब्दात केवढे मावते. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. ६४५ हा आकडा ‘रन’च्या अंगभूत थोरवीपेक्षा इंग्रजी समाजाने आपल्या शब्दांवर घेतलेल्या मेहनतीबद्दल अधिक सांगतो.

आधी शब्द नीट पाहू. माणूस धावतो, घोडा धावतो, तिथे ‘रन’ येतो हे कुणीही सांगेल. पण इंग्रजीत नदीही ‘रन’ करते, नळ करतो, सर्दी झाली की नाक करते, कच्चा रंग धुताना करतो. रस्ता दोन गावांमधून ‘रन’ करतो, भिंतीवरची चीर छतापासून जमिनीपर्यंत करते. नाटक वर्षभर ‘रन’ होते, भाडेकरार तीन वर्षे होतो, एखादा आजार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होतो. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते, मालक दुकान करतो, मुख्याध्यापक शाळा करतो. ठेवीदार घाबरून एकाच वेळी पैसे काढायला बँकेवर लोटले की त्यालाही ‘रन’ म्हणतात, पुस्तकाच्या एका छपाईत निघालेल्या प्रतींनाही ‘रन’ म्हणतात, कोंबड्यांना फिरायला ठेवलेल्या जाळीबंद जागेलाही. हे सगळे अर्थ एकाच माणसाच्या बोलण्यात दिवसभरात येऊन जातात आणि ऐकणारा एकदाही अडखळत नाही.

अडखळत नाही, कारण हे अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. जुन्या इंग्रजीत इथे दोन क्रियापदे होती. एक स्वतः धावण्याचे किंवा वाहण्याचे, दुसरे धावायला लावण्याचे. पुढे उच्चार जवळ आले, रूपे मिसळली आणि दोन्ही एकाच शब्दात नांदू लागली. म्हणून आजचा ‘रन’ घोड्यालाही लागू पडतो आणि घोडा पळवणाऱ्यालाही, यंत्रालाही आणि यंत्र चालवणाऱ्यालाही. वाहण्याच्या अर्थातून नाक, नळ, शाई, रंग आले. पाण्याची धार जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते तशी रस्त्याची आणि चिरेची रेघ जाते, म्हणून तीही त्याच शब्दाने व्यक्त झाली. जागेतली रेघ मग काळात गेली आणि नाटकाचे प्रयोग, करार, घराण्यातले आजार त्यात आले. प्रत्येक पायरीवर माणसाने शेजारच्याच अर्थाचा हात धरला आहे. पहिल्या आणि शेवटच्या अर्थांत मात्र अंतर इतके पडते की पळणारे हरीण आणि छापलेल्या प्रती यांना जोडणारा धागा मधल्या पायऱ्या ठाऊक असल्याशिवाय दिसत नाही.

क्रिकेटमध्ये हे अंतर स्पष्ट दिसते. दोन फलंदाज खेळपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळाले म्हणून ‘रन’. पण चेंडू सीमापार गेला की कुणी पळत नाही, तरी चार रन मिळतात. मराठीने तिथे ‘धाव’ हा शब्द घेतला आणि त्याबरोबर हे अंतरही घेतले. जागचे न हलता चार धावा काढता येतात, याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

या विस्ताराचा त्रास सर्वांत आधी कोशकारांना झाला. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ दिले आहेत, आणि प्रस्तावनेत अशा रोजच्या, सैल अर्थाच्या क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे. त्या यादीत ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’ यांच्याबरोबर ‘रन’ही आहे. अवघड, विद्वत्तापूर्ण शब्द कोशकाराला सोपा जातो. त्याचा अर्थ एक, वापर मोजका. घाम काढतो तो लहान मुलाच्याही तोंडी असलेला शब्द. जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली हा संबंध सूत्रात मांडला: शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक.

आणि हे अर्थ वाढत राहतात. जॉन्सनच्या काळी आगगाडी नव्हती. पुढे आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, मोटारी आणि संगणक आले, आणि या प्रत्येकाने ‘रन’ला नवे काम दिले. कोशाच्या इतिहासावर लिहिणारे सायमन विंचेस्टर यांनी असे मांडले आहे की ‘सेट’ला मागे टाकून ‘रन’ पुढे जाणे हे यंत्रयुगाचे लक्षण आहे. एक शब्द जागच्या जागी बसवण्याचा, दुसरा गतीचा. मला यात तथ्य वाटते, पण ते अर्धेच आहे. यंत्र चालवण्यासाठी इंग्रजीकडे लॅटिनमधून आलेला ‘ऑपरेट’ होता, संस्था चालवण्यासाठी इटालियनमधून आलेला ‘मॅनेज’ होता. दोन्ही नेमके, दोन्ही प्रतिष्ठित. तरी इंग्रज माणूस आपल्या घरच्या जुन्या ‘रन’कडेच वळला. गती यंत्राने दिली; पण नव्या वस्तूला जुन्या क्रियापदाशी जोडण्याचे धैर्य बोलणाऱ्यांचे होते, आणि त्यांना कुणी अशुद्ध म्हणून अडवले नाही.

सगळीकडे ‘रन’च जिंकला असेही नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपल्याकडे निवडणुका ब्रिटिश राजवटीत आल्या आणि मराठी उमेदवारही आजवर उभाच राहतो.

आता ६४५ या आकड्याकडे. दुकान चालवणे, शाळा चालवणे आणि देश चालवणे हा एक अर्थ की तीन? भाषेत याचे उत्तर लिहिलेले नसते, ते कोशकाराला द्यावे लागते. हाताशी ठेवायच्या कोशात ‘रन’चे काही डझन अर्थ देऊन काम भागते. ऑक्सफर्डला ६४५ करावे लागले, कारण त्याच्या समोर शतकाशतकांतली अवतरणे होती आणि कोणता अर्थ कधी, कशातून फुटला हे ती दाखवत होती. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने अशा कोशाचा विचार १८५७ साली सुरू केला. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा घेतली आणि इंग्रजी वाचणाऱ्या सर्वसामान्यांना आवाहन केले की पुस्तके वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, वर्ष लिहा आणि पाठवा. लोकांनी लाखो चिठ्ठ्या पाठवल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला, काम १९२८ साली पुरे झाले. मरे त्याच्या तेरा वर्षे आधी गेले. गिलिव्हर यांचे नऊ महिने या दीडशे वर्षांच्या कामावर उभे आहेत.

शाळेत आपण ‘रन म्हणजे धावणे’ असे पाठ केले. पण इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते. यंत्र चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, खोटे नाणे चालत नाही, घरात ज्याचे चालते त्याचे सगळे ऐकतात, आणि संमती द्यायची तर ‘चालेल’ एवढे एकच पुरते. ‘चालणे’ हे ‘रन’इतकेच पुढे गेलेले क्रियापद आहे. तरी सरकारी मराठीत योजना चालू होत नाही, ती ‘कार्यान्वित’ होते. यंत्र चालवले जात नाही, त्याचे ‘प्रचालन’ होते. दुसऱ्या टोकाला पुण्यातल्या संगणक कंपनीत बसलेला तरुण ‘कोड रन होत नाही’ म्हणतो. ‘चालत नाही’ हे त्याला घरी सुचते, कामावर सुचत नाही. कायद्याला आणि शास्त्राला एका शब्दाला एकच अर्थ लागतो, हे मान्य. गणितात ‘सेट’साठी ‘संच’ ठरला आणि रुजला, ते योग्यच झाले. पण जिथे तशी गरज नाही तिथेही आपण घरच्या क्रियापदाला बाजूला सारतो. ते साधे आहे, म्हणून ते अपुरे आहे असे आपण धरून चालतो.

ते किती पुरते आहे, हे ‘लागणे’ सांगेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, लॉटरी लागते, लग्न लागते. विहिरीला पाणी लागते, आणि परगावचे पाणी बाधले तरी पाणी लागते. भात बुडाला लागतो, चिंच आंबट लागते, तो माझा मामा लागतो. डोळा लागला म्हणजे झोप आली, वाटेकडे डोळे लागले म्हणजे झोप उडाली. फलाटाला गाडी लागली की आपण बसायला धावतो, आणि घाटात ज्यांना गाडी लागते ते खिडकीशेजारची जागा मागतात. एवढे पुरे नाही म्हणून हा शब्द व्याकरणातही शिरला: मूल रडू लागते, आईला उठावे लागते. पहिल्यात सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती, क्रियापद तेच.

या सगळ्यांमागे संस्कृत ‘लग्’ हा धातू आहे, चिकटणे, स्पर्श होणे या अर्थाचा. ‘लग्न’ हे त्याचेच रूप; म्हणजे ‘लग्न लागले’ यात एकच धातू दोनदा येतो, एकदा संस्कृत वेषात आणि एकदा मराठी. आणि हा शब्द थांबलेला नाही. दूरध्वनी आला तेव्हा ‘फोन लागत नाही’ हे कोणत्याही समितीने ठरवले नाही. कुणीतरी म्हणाले, बाकीच्यांना ते लगेच कळले आणि ते रूढ झाले. आगगाडीने ‘रन’ला जे दिले तेच फोनने ‘लागणे’ला दिले.

मग ‘लागणे’चे अर्थ किती? हा आकडा आज कुणालाही देता येणार नाही, कारण ‘लागणे’ला कुणी आयुष्याचे नऊ महिने दिलेले नाहीत. मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या साहाय्याने केलेला कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी लंडनमध्ये ऑक्सफर्ड कोशाची पहिली चर्चा झाली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. ही दोन्ही कामे मोठी आहेत आणि आजही आपण त्यांच्यावरच जगतो आहोत. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली आला, पण तो प्राचीन मराठीपुरताच आहे. लीळाचरित्रापासून आजच्या मोबाइलपर्यंत एका शब्दाचा प्रत्येक अर्थ पहिल्या नोंदीच्या काळासह सांगेल असा कोश वाचकाच्या हातात नाही.

हे काम आपल्याला जमणारे नाही, असे म्हणायलाही जागा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतचा कोश याच ऐतिहासिक पद्धतीने सुरू केला. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे जमल्या, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि काम आजही चालू आहे. पद्धत, अनुभव, चिकाटी हे सगळे याच भूमीत आहे, फक्त मराठीच्या वाट्याला ते आलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण तिच्या प्राचीनतेचे पुरावे अभिमानाने मांडले. प्राचीनतेचा पुरावा शिलालेखात असतो, तसा ‘लागणे’च्या शेकडो वर्षांच्या प्रवासातही असतो, तो काढायचा तर वाचावे लागेल, नोंदावे लागेल, वर्षे द्यावी लागतील.

जिथे लीळाचरित्र लिहिले गेले त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. त्याने मरे यांच्यासारखे आवाहन करावे आणि गावोगावच्या वाचकांकडून, शिक्षकांकडून, निवृत्त माणसांकडून वाक्ये मागवावीत. जुनी पत्रे, मोडी दफ्तरे, शंभर वर्षांपूर्वीची मासिके, कोकणातले आणि वऱ्हाडातले बोलणे, सगळे त्यात यावे. कामाला आरंभ ‘लागणे’ या नोंदीने करावा. आणि तुमच्या घरी आजोबांची जुनी पत्रे असतील तर ती रद्दीत देऊ नका.